दांतांचा रंग आणि झिलई

मनुष्याचा दांत पडला म्हणजे त्याच्या जागीं दुसरा बसवावा, ही इच्छा फार जुनी आहे. परंतु तो बसविलेला दांत पाहणाराच्या ध्यानांतहि येऊं नये, ही इच्छा त्या मानानें अगदीं अलीकडची आहे. इटलींतील एत्रुस्कन लोक ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापासून सोन्याच्या पट्ट्यांनीं दांत बांधीत असत. तें सोनें लपविण्याची त्यांनीं कांहीं खटपट केलेली दिसत नाहीं. रोमन कवि मार्शल यानें इ. स. च्या पहिल्या शतकांत विकत घेतलेल्या दांतांची थट्टा केली आहे. तेव्हां नकली दांत लोकांना ओळखूं येत आणि ते हसण्याचा विषय होत, एवढें त्यावरून समजतें.

कोणता दांत शोभिवंत मानावा, हेंहि देश आणि काळ यांवर अवलंबून राहिलें आहे. महाराष्ट्रांतील जुन्या पिढ्यांतल्या स्त्रिया दांतवण लावून दांत काळे करीत, आणि त्या काळेपणांतच सौंदर्य मानलें जाई. जपानांतहि लोखंडाचा अर्क व मायफळासारख्या तुरट पदार्थाची पूड लावून दांत काळे करण्याची चाल शतकानुशतकें होती, इ. स. १८७० मध्यें तेथील सरकारनें सरदारवर्गाला ती सोडण्याची आज्ञा केली. युरोपांत मात्र साखरेचा वापर वाढला तसतसे श्रीमंतांचे दांत किडूं लागले, आणि अठराव्या शतकांत पांढऱ्या, निरोगी दिसणाऱ्या दांतांना मोल आलें. ज्यांचे स्वतःचे दांत गेले होते, त्यांना ते दुसरीकडून मिळविणें भाग पडलें.

हे दांत बहुधा हस्तिदंताचे, वॉलरसच्या सुळ्याचे किंवा पाणघोड्याच्या दांताचे कोरीत. यांपैकीं पाणघोड्याचा दांत सर्वांत घट्ट, म्हणून त्याची किंमतहि अधिक. परंतु या सर्व पदार्थांत एक दोष समान होता. जिवंत दांतावर इनॅमलचें जें कठीण व चकचकीत कवच असतें, तें कोरलेल्या दांतावर नसे. त्यामुळें लाळ, अन्न व पेय हीं त्यांत मुरत. कांहीं दिवसांत ते पिवळे, मग काळे पडत आणि त्यांना असह्य दुर्गंधि येई. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचे दांत लाकडी होते अशी दंतकथा आहे. पण त्या कवळ्या शिसें, हस्तिदंत, जनावरांचे व माणसांचे दांत यांच्या होत्या, लाकडाच्या नव्हत्या. १७९८ सालीं त्यानें एक कवळी आपला दंतवैद्य जॉन ग्रीनवुड याजकडे पाठविली, तेव्हां ती इतकी काळवंडली होती, कीं ग्रीनवुडनें तो दोष पोर्ट नांवाच्या मद्यावर ठेवला आणि कवळी जपण्याविषयीं त्याला सूचना केल्या. राष्ट्राध्यक्षाच्या मुखाचीहि ही अवस्था, तर इतरांची काय असेल याची कल्पना करावी.

यावर श्रीमंतांनीं जो उपाय शोधला, तो या इतिहासांतील काळा भाग आहे. माणसाच्या दांतासारखा दांत हवा, तर माणसाचाच घ्यावा! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडन येथें गरिबांच्या तोंडांतील चांगला दांत उपटून तो लगेच धनिकाच्या हिरडींत बसविण्याची पद्धति चालू झाली. जॉन हंटरसारख्या नामांकित शस्त्रवैद्यानें तिला पाठिंबा दिला. चित्रकार टॉमस रोलंडसन यानें १७८७ सालीं या प्रकारावर एक व्यंगचित्र काढलें. त्यांत धुराड्यें साफ करणारा एक पोरगा खुर्चीवर बसून आपला दांत देत आहे. असे रोपलेले दांत फार काळ टिकत नसत, आणि कधीं कधीं देणाराचा रोगहि घेणाराकडे जाई. पुढें १८१५ सालीं वॉटर्लूची लढाई झाली. रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दांत उपटून विकण्यांत आले, व ‘वॉटर्लूचे दांत’ हा शब्दच इंग्रजींत रूढ झाला. व्हिक्टर ह्यूगो यानें १८६२ सालच्या आपल्या कादंबरींत फांतीन ही माता मुलीसाठीं समोरचे दोन दांत विकते असें दाखविलें आहे. ज्या व्यापाराचें हें चित्र आहे, तो वाचकांना अपरिचित नव्हता.

या व्यापाराला पहिला शह दिला तो एका औषधें करणाऱ्या माणसानें. पॅरिसजवळ सेंट जर्मेन येथें अलेक्सी द्यूशातो नांवाचा गृहस्थ औषधांचा धंदा करी. त्याची स्वतःची कवळी पाणघोड्याच्या दांताची होती. औषधें चाखून पाहणें हा त्याच्या कामाचाच भाग असल्यामुळें त्यांचा वास व डाग कवळींत मुरत. १७७४ च्या सुमारास त्याच्या लक्षांत आलें कीं, ज्या झिलईदार खलांत आपण हींच औषधें कुटतों, त्यांना ना डाग पडतो, ना वास लागतो. मग कवळीच त्या पदार्थाची कां करूं नये? असा विचार करून तो पॅरिसमधील चिनीमातीच्या एका कारखान्याकडे गेला.

कल्पना सोपी होती. कृति मात्र कठीण ठरली. चिनीमाती भट्टींत आकसते, म्हणून तोंडाच्या मापानें घडविलेली कवळी भाजून निघाली म्हणजे लहान होई. ती मुद्दाम मोठी घडवावी, तर आकसण्याचें प्रमाण नेमकें ठाऊक नव्हतें. शिवाय तिचा रंग भांड्यासारखा निर्जीव पांढरा येई. तेव्हां निकोला द्युबुआ द शेमां या दंतवैद्याची मदत घेऊन मिश्रण बदलण्यांत आलें. कमी आंचेंत पक्व होणारी माती घातली, रंगीत मातींनीं पिवळसर छटा आणली, आणि अखेर द्यूशातोला वापरतां येईल अशी कवळी तयार झाली. पॅरिसच्या शस्त्रवैद्यक अकादमीनें त्याचे आभार मानले.

परंतु कीर्ति व धन हीं दुसऱ्याकडे गेलीं. द शेमां यानें प्रयोग पुढें चालविले, १७८८ सालीं त्यांवर पुस्तिका छापली आणि १७८९ मध्यें सोळाव्या लुईकडून या ‘अविनाशी’ दांतांची सनद मिळविली. द्यूशातो व इतर कांहीं जण त्याच्याविरुद्ध न्यायालयांत गेले. निकाल द शेमांच्या बाजूनें लागला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत तो इंग्लंडांत गेला, तेथेंहि त्यानें सनद घेतली, आणि वेजवुडच्या प्रख्यात कारखान्यांतून त्याला माती मिळूं लागली. त्याचे दांत डाग धरीत नसत, कुजत नसत. पण सबंध कवळी एकाच तुकड्याची, ठिसूळ व फार पांढरी असे. १८११ सालीं त्याच रोलंडसननें या चिनीमातीच्या दांतांचेंहि व्यंगचित्र काढलें. प्रेताचा दांत नको, हें साधलें होतें. दांत दांतासारखा दिसावा, हें अद्याप साधावयाचें होतें.

त्या दिशेनें पुढचें पाऊल इटालियन दंतवैद्य जुझेप्पांजेलो फोंझी यानें पॅरिसमध्यें टाकलें. १८०८ मध्यें त्यानें प्लॅटिनमची कडी बसविलेले सुटे सुटे दांत पुढें मांडले. दांत सुटा झाल्याबरोबर प्रत्येकाला निराळा आकार व निराळी छटा देणें शक्य झालें. १८१७ सालीं आंत्वान प्लांतू यानें ही विद्या फिलाडेल्फिया येथें नेली. लंडनमध्यें क्लॉडियस ॲश या सोनारानें १८३० नंतरच्या दशकांत उत्तम दांत घडविण्यास आरंभ केला. अमेरिकेंत सॅम्युअल व्हाइट यानें १८४४ मध्यें कारखाना काढला. त्यानंतर गंधकानें कठीण केलेल्या रबराची स्वस्त बैठक मिळाली, आणि कृत्रिम दांत मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आले. रणांगणावरच्या दांतांची बाजारपेठ अशी हळूहळू बसली. नीतीच्या उपदेशापेक्षां भट्टींतल्या झिलईनें हें काम अधिक केलें, असें म्हणावें लागतें.

आतां प्रश्न उरला तो रंगाचा. जिवंत दांत एकरंगी नसतो. त्याच्या आंतील भाग पिवळसर व अपारदर्शक, तर वरचें कवच दुधी कांचेसारखें असतें. हिरडीजवळ कवच पातळ असल्यानें तेथें पिवळी, तांबूस छटा दिसते. टोंकाशीं आंतील भाग संपतो, म्हणून तेथें निळसर, करडी झांक येते. वय वाढतें तसें कवच झिजतें, आंतील भाग जाड होतो आणि दांत गडद दिसूं लागतो. म्हणून कारागीर मातीचे निरनिराळे थर एकावर एक चढवून भाजूं लागले, व लोहादि धातूंच्या भस्मांनीं छटा देऊं लागले. डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर चिनीमातीचें टोपण भाजण्याची रीति काढली. अटलांटिक महासागर विमानानें एकट्यानें ओलांडणारा लिंडबर्ग हा त्याच्या मुलीचा मुलगा. १९३० च्या सुमारास हॉलिवुडमध्यें चार्ल्स पिंकस यानें नटनट्यांच्या दांतांवर पातळ पापुद्रे चिकटविले; ते चित्रीकरणापुरतेच टिकत. १९६२ सालीं वाइनस्टाइन यांच्या सनदांनीं धातूवर चिनीमाती पक्की बसविण्याची विद्या रूढ केली, आणि १९६५ मध्यें लंडनच्या मॅक्लीन व ह्यूज यांनीं ॲल्युमिनानें चिनीमातीला बळकटी आणली.

निसर्गाचें अनुकरण किती दूर गेलें, याचें एक विलक्षण उदाहरण आहे. खरा दांत अतिनील किरणांत निळसर पांढरा उजळतो. चिनीमातीचा दांत तसा उजळत नाहीं, आणि नाट्यगृहांतील तशा दिव्याखालीं तो काळा दिसतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं विसाव्या शतकांत दांतांच्या मिश्रणांत अल्प प्रमाणांत युरेनियम घालीत! त्यांतून निघणाऱ्या किरणांचा धोका ध्यानीं आल्यावर ती प्रथा सोडण्यांत आली, व त्या जागीं दुसरीं निरुपद्रवी द्रव्यें आलीं. हुबेहूब दिसण्याच्या हौसेला कोठें मर्यादा घालावी, हा धडा त्यांत आहे.

१९८० नंतर यंत्रानें या कामांत प्रवेश केला. फ्रान्सच्या फ्रांस्वा द्युरे यानें १९७० नंतरच्या दशकांत गणकयंत्राच्या साहाय्यानें दांत घडविण्याची कल्पना मांडली. झूरिच येथें मर्मान व ब्रांडेस्टीनी यांच्या यंत्रानें १९८५ मध्यें रुग्णाच्या दांतांत बसणारा पहिला भाग कोरला. अमेरिकेंत चार्ल्स हल यानें प्रकाशानें द्रव घट्ट करून वस्तु थराथरानें उभारण्याची सनद १९८६ सालीं मिळविली. आज त्याच तत्त्वावर दांत छापले जातात: बारीक सिरॅमिक कण मिसळलेल्या राळेवर प्रकाश पडतो, व मिलिमीटरच्या विसाव्या किंवा दहाव्या हिश्श्याचा एकेक थर घट्ट होत जातो. आकार नेमका येतो, वेळ थोडा लागतो. परंतु असा दांत पुष्कळदां एकाच रंगाचा निघतो. अडीचशें वर्षांपूर्वीं द्यूशातोला जो निर्जीव रंग दिसला होता, तोच पुन्हां समोर उभा राहतो, आणि यंत्राच्या शेजारीं कुंचला घेऊन कारागिराला बसावें लागतें.

त्याचें काम क्रमानें चालतें. छापलेला दांत प्रथम अल्कोहोलनें धुऊन प्रकाशांत पक्का करतात. आधाराच्या काड्या कापून त्यांच्या खुणा घासतात. मग पृष्ठभागावर उभे उंचवटे व आडव्या सूक्ष्म रेषा कोरतात. तरुण दांतावर त्या ठळक असतात, म्हाताऱ्याच्या दांतावर पुसट. त्यानंतर हिरडीजवळ तपकिरी-नारिंगी, टोंकाशीं निळसर-करडी, दाढेच्या खांचेंत गडद तपकिरी अशी छटा बारीक कुंचल्यानें देतात. शेवटीं पारदर्शक झिलई चढवून ती प्रकाशानें घट्ट करतात. येथें एक अडचण असते. राळेच्या जातीच्या झिलईचा सर्वांत वरचा थर हवेंतील प्राणवायूमुळें चिकट राहतो. म्हणून पुष्कळदां ग्लिसरिनचा लेप देऊन किंवा नायट्रोजन वायूंत ठेवून हवा दूर करावी लागते. रंगाची निवडहि जपून करावी लागते. तोंड फार वेळ उघडें राहिलें कीं दांत वाळतो व खऱ्याहून पांढरा दिसतो. म्हणून छटा आरंभींच, आणि शक्य तर दिवसाच्या उजेडांत पाहतात.

झिलई आणि ओप यांत मात्र एक भेद आहे. झिलई हा वरून दिलेला पातळ थर. चावतां चावतां, घासतां घासतां तो झिजतो आणि त्याबरोबर रंगहि जातो. ओप म्हणजे मूळ पदार्थच प्युमिससारख्या चूर्णानें व त्याहून बारीक लेपांनीं घासून गुळगुळीत करणें. झिर्कोनियाच्या दांतांवर झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें आहे कीं, नीट ओपलेला दांत समोरच्या खऱ्या दांताला कमी झिजवितो. झिलई उडून उघडा पडलेला खडबडीत भाग त्याला अधिक झिजवितो. म्हणून जाणते कारागीर जेथें दांत दांतावर आदळतो तेथें ओपावर भिस्त ठेवतात, आणि रंग व झिलई ओठांकडील दर्शनी भागावर राखतात.

या दीर्घ उद्योगांत उद्देशच कसा पालटला, हें पाहण्यासारखें आहे. प्रारंभीं डाग टाळण्यासाठीं झिलई आली. आज तोच कारागीर झिलईखालीं स्वतःच्या हातानें एखादा डाग, एखादी भेग, वयाची एखादी पिवळी छटा रंगवितो, कारण शेजारच्या खऱ्या दांतावर ती असते. साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडांत वीस वर्षांच्या तरुणाचा शुभ्र दांत बसविला, तर तो वॉटर्लूच्या दांताइतकाच परका दिसेल. ज्याचा दांत त्याच्या वयाला, त्याच्या इतर दांतांना मिळणारा असेल, तो मनुष्य बोलतांना तोंडावर हात ठेवीत नाहीं. आणि त्यासाठीं धुराड्यें साफ करणाऱ्या कोणाहि पोराला आपला दांत द्यावा लागत नाहीं, ही द्यूशातोच्या खलाची कमाई आहे.