‘अधिक सुधारणा, अधिक मदत’: ट्युनिशिया आणि युरोपचे वचन

१/ १७ डिसेंबर २०१०. ट्युनिशियातील सिदी बुझिद येथे मोहम्मद बुअझिझी या फेरीवाल्याने, माल जप्त झाल्यानंतर, स्वतःला पेटवून घेतले. उठाव देशभर पसरला. १४ जानेवारी २०११ रोजी, २३ वर्षे सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले.

२/ युरोपसाठी हा क्षण अवघडलेपणाचा होता. युरोपीय संघाने १९९५ मध्येच ट्युनिशियाशी सहयोग करार केला होता. मानवी हक्क आणि लोकशाही तत्त्वांचा आदर हा संबंधांचा पाया असेल, असे त्याचे दुसरे कलम सांगत होते. राजवट विरोधकांना तुरुंगात धाडत राहिली. करार मात्र अबाधित राहिला. बेन अलींच्या पलायनाच्या काही दिवस आधी फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री मिशेल अलिओ-मारी यांनी ट्युनिशियाला फ्रेंच सुरक्षा दलांचे कौशल्य देऊ केले होते. फेब्रुवारीअखेर त्यांना पद सोडावे लागले.

३/ २०११ मध्ये संघाने धोरण बदलले. नवे सूत्र होते: जो देश अधिक सुधारणा करील, त्याला अधिक मदत. निधी, बाजारपेठ आणि प्रवासाची मोकळीक, अशी तीन आश्वासने दिली गेली. ‘स्प्रिंग’ या कार्यक्रमासाठी ३५ कोटी युरोंची तरतूद झाली.

४/ ट्युनिशियाने आपला वाटा उचलला. ऑक्टोबर २०११ मध्ये मुक्त निवडणूक झाली, २०१४ मध्ये नवी राज्यघटना आली. २०१३ च्या पेचातून देशाला बाहेर काढले ते कामगार संघटना, उद्योजक, वकील आणि मानवी हक्क संघटना यांच्या चौकडीने. तिला २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक लाभले. हे यश मुख्यतः घरचे होते.

५/ युरोपकडून निधी आला; उरलेली दोन आश्वासने मात्र रेंगाळली. सामान्य तरुणाला व्हिसा दुर्मीळच राहिला. ऑलिव्ह तेलाच्या शुल्कमुक्त आयातीवर वर्षाला ५६,७०० टनांची मर्यादा होती. ती केवळ २०१६ व २०१७ पुरती सैल झाली. ज्या बेरोजगारीतून उठाव पेटला, ती हटली नाही.

६/ २५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. एप्रिल २०२३ मध्ये माजी सभापती राशिद घन्नूशी यांना अटक झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय संघाने सईद यांच्याशी सामंजस्य करार केला: स्थलांतर रोखण्यासाठी १०.५ कोटी युरो, अर्थसंकल्पासाठी १५ कोटी. कराराच्या पाच स्तंभांत लोकशाही नव्हती.

७/ ‘अधिक सुधारणा, अधिक मदत’ या सूत्राला ‘कमी लोकशाही, कमी मदत’ ही दुसरी बाजू कधी लाभलीच नाही. समुद्रापलीकडून येणाऱ्या नौकांचे भय वाढताच स्थैर्याला पुन्हा अग्रक्रम मिळाला. १९९५ च्या करारातील दुसरे कलम आजही कागदावर आहे.