उंबरठ्याच्या अलीकडे

औषधांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला; रुग्णालयांतील हातमागाचा व रंध्याचा लिहावयास कोणी बसत नाहीं. सन १९५० मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत कमलाबाई निंबकर यांनीं व्यवसायोपचाराची शाळा काढली, तेव्हां अशीं साधीं अवजारेंच उपचाराचीं साधनें झालीं. बाई जन्मानें अमेरिकन. माहेरच्या एलिझाबेथ लंडी. १९५२ सालीं या विद्येचा जागतिक संघ निघाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

येथवरचा वृत्तान्त अभिमानाचा. परंतु पक्षाघातानें लुळा झालेला मनुष्य एका हातानें सदरा घालावयास शिकला, तरी पुढें त्यानें राहावयाचें कोठें? आमच्या जालन्याकडील जुन्या घराचा उंबरठा उंच, न्हाणी अंगणापलीकडे, आणि भाकरी थापावयाची ती दोहों हातांनीं! रुग्णालयांतील शिक्षण या उंबरठ्याशीं अडतें.

बाबा आमटे यांनीं आरंभच निवाऱ्यापासून केला. १९५१ सालीं वरोऱ्याजवळील खडकाळ जमिनीवर सहा कुष्ठरोग्यांसह आनंदवन वसलें. शेती, विणकाम, घरबांधणी हीं कामें रहिवाशांनींच केलीं. कार्य थोरच; तथापि ज्या गांवानें बाहेर काढलें, तें गांव बहुतेकांस परत मिळालें नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्याच्या पांचव्या कलमानें समाजांत राहण्याचा हक्क व त्यासाठीं लागणारें व्यक्तिगत साहाय्य हीं एकत्र मांडलीं आहेत. आतां व्यवसायोपचारकानें रोग्याबरोबर त्याच्या घरापर्यंत जावें, न्हाणींत धरावयास दांडा बसवून घ्यावा, आणि मदतनीसास चार दिवस शिकवावें, एवढीच माझी मागणी आहे.