मध्यस्थाविना टेलिफोन

टेलिफोनवर आलेली हांक कोणाकडे जावी, हें ठरविण्याचा अधिकार प्रारंभीं मनुष्याच्याच हातीं होता. १८७८ सालीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथें अवघ्या २१ ग्राहकांसाठीं पहिलें व्यापारी केंद्र उघडलें. ग्राहकानें नांव सांगावें आणि केंद्रावरील सेवकानें तारा जोडून द्याव्यात, अशी रीत होती. दुकानदाराचें गिऱ्हाईक या मध्यस्थाच्या सचोटीवर अवलंबून राही.

कॅन्सस सिटींत आल्मन स्ट्रोजर नांवाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. प्रतिस्पर्ध्याची पत्नी केंद्रावर असून आपलीं गिऱ्हाइकें ती नवऱ्याकडे वळविते, असा त्यास संशय होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, भीति निराधार नव्हती. शोकाकुल घरचा मनुष्य दुसऱ्यांदा चौकशी करीत बसत नाहीं. जो आवाज प्रथम ऐकूं येईल, त्याच्याशींच तो व्यवहार ठरवून मोकळा होतो.

स्ट्रोजरनें मध्यस्थच काढून टाकला. मार्च १८९१ मध्यें त्याला पेटंट मिळालें. ३ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट येथें स्वयंचलित केंद्र सुरू झालें. पुढें रूढ झालेल्या यंत्रांत एक दांडा पहिल्या आंकड्याइतक्या पायऱ्या वर चढे आणि दुसऱ्या आंकड्याइतकीं घरें फिरे. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा घरें. अशा शंभरांतून नेमकी एक तार सांपडे.

आज कचेऱ्यांतून हें काम संगणक करतो. "अमुक हवें असल्यास एक दाबा" असें सांगून तो हांक मोकळ्या कारकुनाकडे धाडतो. मात्र कोणाला आधीं घ्यावें व कोणाला तिष्ठत ठेवावें, हा क्रम कचेरीचा मालक त्याला पूर्वींच शिकवून ठेवितो.