उंच फिलिंग आणि जबड्याचा सांधा

दाढेत भरलेले सिमेंट किंवा बसविलेली कॅप केसभर जरी उंच राहिली, तरी चावताना पहिला भार तिच्यावरच येतो. दाढ ठणकते, रुग्ण नकळत दुसऱ्या बाजूने चावू लागतो आणि जबड्याचे स्नायू आखडतात. रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतात. परंतु भूल दिलेली असताना चावा नेमका बसत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांनीही खुपत असल्यास पुन्हा दाखवावे. काम काही मिनिटांचेच असते.

सांध्याच्या जुन्या दुखण्याचे खापर मात्र केवळ फिलिंगवर फोडता येत नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी दाढा गेल्याने सांधा बिघडतो, असे मांडले होते. आज मानसिक ताण, झोपेत दात खाणे हीही कारणे मानली जातात. त्यामुळे सांध्यासाठी निरोगी दात घासून घेण्यापूर्वी नाशिककरांनी पंचवटीतील कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यावे. घासलेले एनॅमल पुन्हा येत नाही.