एक बर्थ, अनेक वह्या

माजलगावला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर परळी वैजनाथ किंवा परभणी गाठायची. तिथे येणाऱ्या बहुतेक गाड्या दुसरीकडून सुटलेल्या. मग मधल्या स्थानकावरच्या लिपिकाने बर्थ रिकामा आहे की नाही, हे कोणाला विचारायचे?

संगणकापूर्वी आरक्षणाच्या तारखेवार नोंदवह्या असत. एकाच वहीच्या नकला सगळ्या स्थानकांवर ठेवल्या, तर एक बर्थ दोघांना विकला जाणार. आणि दोन्ही लिपिक आपापल्या वहीपुरते बरोबर! म्हणून रेल्वेने नकलांऐवजी वाटणी केली. स्थानकाला कोटा मिळे. त्यातली जागा देताना कोणाला विचारायला नको. परतीचे आरक्षण हवे असेल, तर तार करून उत्तराची वाट पाहायची. भांडण मिटले, पण एकीकडे रिकामा बर्थ आणि दुसरीकडे प्रतीक्षा यादी, असेही होई.

नकला ठेवूनही हे साधता येते का? १९७६ मध्ये आयबीएमच्या ईश्वरन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर यांनी कुलपांचा नियम मांडला: लागतील तशी कुलपे घ्यावीत, पण एक सोडल्यावर नवे घेऊ नये. १९७९ मध्ये थॉमस आणि गिफर्ड यांनी प्रतींना ‘मते’ दिली. पाच प्रतींपैकी तिघींची संमती मिळाली तरच विक्री. तीन-तीनचे कोणतेही दोन गट करा, एक प्रत दोन्हींत येतेच. ती दुसऱ्याला नकार देते. वर्गात पाच वह्या घेऊन हे करून पाहावे. मात्र दोघांनी दोन-दोन वह्या धरून पाचवी तिसऱ्याच्या हाती गेली, तर सगळेच अडतात. कोणीतरी माघार घ्यावी लागते.

दिल्लीत १९८५ मध्ये सीएमसीने तयार केलेली संगणकीय आरक्षणाची चाचणी सुरू झाली. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली, पण प्रत्येक केंद्र आपल्यापुरते. ‘क्रिस’ या रेल्वेच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबादला बसवली. एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रे जोडली गेली. या जोडणीत एका गाडीच्या जागांचा हिशेब एकाच केंद्रात राहिला. दुसऱ्या शहरातली मागणी तारेवरून तिथे जाते आणि कुलूप तिथेच लागते. तार तुटली तर त्या गाडीचे तिकीट मिळत नाही, पण बर्थ दोनदा विकला जात नाही. त्या काळच्या दूरध्वनी वाहिन्या पाहता मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

कोटा मात्र संगणकातही राहिला. आता तो विचारणे टाळण्यासाठी नाही. गाडी सुटते तिथल्या प्रवाशांनीच सगळे बर्थ घेऊन टाकू नयेत, म्हणून आहे.