साबुदाणा, तुरटी आणि विरघळणारे टाके

साबुदाणा म्हटलं की आपल्याला एकादशी आठवते. गास्तों रामों या फ्रेंच पशुवैद्याला घोडे आठवत असावेत!

त्याचं असं झालं. १९२० च्या दशकात घटसर्पावरचं औषध घोड्यांच्या रक्तातून काढत. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, अंगात उतारा तयार झाला की रक्त काढायचं. पॅरिसजवळ गार्शला रामोंच्या लक्षात आलं, की टोचल्या जागी ज्यांना गळू होतं त्या घोड्यांच्या रक्तात उतारा जास्त सापडतो. मग या गृहस्थांनी मुद्दामच काय काय मिसळून टोचलं. टॅपिओका (म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तेच पीठ), अगार, चक्क पावाचा चुरा! आणि १९२५ साली छापून सांगितलं, की उपयोग होतो.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनीने तुरटी वापरली. हो, न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो तीच. त्याचा तर्क असा, की लस टोचल्या जागी साठते आणि हळूहळू पाझरते. २०१२ साली उंदरांवर पाहिलं, तर टोचलेली जागा दोन तासांत कापून काढली तरी परिणाम तेवढाच! म्हणजे का चालतं ते धड ठाऊक नसताना हे चालत राहिलं. आमच्या धंद्यात असा कोड खूप असतो, कुणी हात लावत नाही. अमेरिकेत तर २००९ पर्यंत परवाना मिळालेल्या लशींत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांशिवाय दुसरा अ‍ॅडज्युव्हंट नव्हता.

पण 'हळूहळू पाझरते' ही कल्पना मला भारी वाटते. आपल्याकडे बाळाला सहा, दहा, चौदा आठवड्यांना सुई टोचतात. ऊसतोडीला गेलेल्या आईने चौदाव्या आठवड्याला कुठे शोधायचं केंद्र? म्हणून संशोधकांनी विरघळणाऱ्या टाक्यांचं पॉलिमर घेतलं. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची ही साखळी. तिच्या सूक्ष्म गोळ्यांत लस भरायची, काही लवकर फुटतील, काही महिन्यांनी. १९९० च्या दशकात धनुर्वातावर यासाठी बरंच काम झालं. घोडं पेंड खाल्लं ते रसायनात. साखळी तुटताना आम्लच सुटतं, आणि त्यात आतलं प्रथिन बिघडतं. टाक्यांना काय फरक पडतो!

कृत्रिम पॉलिमर घातलेली लस त्याच दशकात बाजारात आली ती रशियात, फ्लूवरची ग्रिपोल. पण तिथे पॉलिमर पाझरायच्या कामाला नव्हतंच, नुसतं प्रतिकारशक्तीला डिवचायला होतं. रामोंच्या साबुदाण्यासारखं.