रस्त्याची बुद्धी आणि गाडीची बुद्धी : चालकाविना मोटारीचा पूर्वेतिहास

भविष्यातील मोटार म्हणजे नवा आकार आणि अधिक वेग, अशी समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वत्र रूढ असली, तरी त्याच काळात अमेरिकेत एक अधिक मूलभूत प्रश्न पुढे आला होता : गाडी चालवण्याचे काम माणसाकडून काढून घ्यायचे झाल्यास ते रस्त्याकडे सोपवायचे की खुद्द गाडीकडे? स्वयंचलित मोटारीचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाला मिळत गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

पहिले उत्तर रस्त्याच्या बाजूचे होते. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या दालनासाठी नॉर्मन बेल गेडीस यांनी ‘फ्यूचरामा’ नावाची विशाल प्रतिकृती उभारली, आणि तीत १९६० सालच्या अमेरिकेचे महामार्ग दाखवताना वाहनांचा वेग व त्यांच्यातील अंतर यांचे नियंत्रण यंत्रणेकडे असेल, अशी कल्पना मांडली. पुढे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने तिला तांत्रिक रूप दिले. रस्त्याखाली पुरलेल्या तारेतून विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि गाडीतील संवेदक, म्हणजे ते क्षेत्र ओळखणारे उपकरण, त्याच्या आधारे गाडीला मार्गावर ठेवू शकतो. या तत्त्वाची चाचणी १९५७ मध्ये नेब्रास्का राज्यात, लिंकन शहराजवळच्या सुमारे १२० मीटर लांबीच्या पट्ट्यावर झाली. १९५८ च्या ‘फायरबर्ड ३’ या जनरल मोटर्सच्या प्रायोगिक गाडीत तर स्टिअरिंगचे चाक काढून त्याजागी विमानातल्यासारखा दांडा बसवला गेला होता, आणि अशा तारेच्या मार्गदर्शनाने चालण्याची सोयही तिच्यात केलेली होती.

ही पद्धत तंत्रदृष्ट्या शक्य होती. तिची अडचण अर्थकारणाची होती. तारा पुरलेले रस्ते नसतील तर तशा गाड्या कोणी विकत घेणार नाही, आणि गाड्याच नसतील तर हजारो किलोमीटर रस्ते खणण्यासाठी सार्वजनिक पैसा कोणी देणार नाही, हा पेच कधीच सुटला नाही. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील सान दिएगोजवळ आठ ब्युइक गाड्या रस्त्यात पुरलेल्या चुंबकांच्या आधारे अगदी कमी अंतर राखून एका रांगेत चालवण्यात आल्या आणि प्रयोग यशस्वी ठरला. तरीही त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकी सरकारने या प्रयोगामागील प्रकल्पाचा निधी थांबवला.

दुसरे उत्तर, म्हणजे गाडीच्या बाजूचे, दरम्यान जर्मनीत आकार घेत होते. म्युनिकजवळील लष्करी विद्यापीठात एर्न्स्ट डिकमान्स यांनी कॅमेरे व संगणक बसवलेली मर्सिडीज व्हॅन १९८७ मध्ये मोकळ्या महामार्गावर ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाने चालवून दाखवली. त्या काळचे संगणक मंद असल्यामुळे संपूर्ण चित्र तपासण्याऐवजी रस्त्याच्या कडांसारख्या मोजक्या खुणांवर लक्ष ठेवायचे आणि पुढच्या क्षणी त्या कोठे असतील याचा गणिती अंदाज सतत सुधारत राहायचा, ही त्यांची युक्ती होती. १९९५ मध्ये त्यांच्या गाडीने म्युनिक ते डेन्मार्कमधील ओडेन्स आणि परत असा प्रवास बव्हंशी स्वयंचलित रीतीने केला.

अमेरिकेतही पुढे याच उत्तराची कसोटी लागली. संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने २००४ मध्ये मोहावी वाळवंटात घेतलेल्या चालकाविना गाड्यांच्या स्पर्धेत एकही गाडी सुमारे १२ किलोमीटरच्या पुढे गेली नाही. २००५ मध्ये मात्र पाच गाड्यांनी २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ पहिली आली. परावर्तित लेसर किरणांवरून अंतर मोजणारी लिडार यंत्रणा आणि अनुभवातून सुधारणारी संगणकप्रणाली हे त्या यशाचे आधार होते.

गाडीची बुद्धी सरस ठरली, कारण रस्ता आहे तसा स्वीकारून ती एकेका गाडीपासून सुरू होऊ शकत होती. परंतु या विजयाबरोबर निर्णयाचा अधिकारही सार्वजनिक संस्थांकडून कंपन्यांकडे सरकला, हे विसरणे धोक्याचे ठरेल. रस्त्यावरचे पट्टे, वाहतुकीचे नियम, पादचाऱ्याचा हक्क आणि अपघाताची जबाबदारी या गोष्टी आजही समाजानेच ठरवायच्या आहेत, आणि म्हणूनच मोटारीचे भविष्य कारखान्यांइतकेच कायदेमंडळांत आणि नगरपालिकांत घडवले गेले पाहिजे.